कढीलिंबावरच्या अळीचा इतिहास

कार्ल लिनिअस यांनी १७५८ साली ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत जगभरच्या प्राण्यांना रीतसर नावं दिली. त्यात आपल्या परसातल्या एका काळ्या फुलपाखराला त्यांनी दोन नावं दिली. एका नमुन्याला ‘पॅमॉन’ आणि दुसऱ्याला ‘पोलिटीझ’. ही दोन्ही नावं ट्रॉयचा राजा प्रायम याच्या मुलांची. पॅमॉन होता नर, पोलिटीझ होती मादी. म्हणजे एका जोडप्याची नोंद दोन भाऊ म्हणून झाली. पुढे १७७५ मध्ये ॲमस्टरडॅमचे व्यापारी पीटर क्रेमर यांनी याच जातीची आणखी एक मादी पाहिली आणि ती तिसरीच जात समजून तिला ‘रोम्युलस’ म्हटलं. दोघेही बारकाईने पाहणारे अभ्यासक होते. पण त्यांच्यासमोर होती ती जहाजातून आलेली, टाचणीला टोचलेली, वाळलेली फुलपाखरं. वाळलेल्या फुलपाखरावरून त्याचा रंग कळतो, आकार कळतो. त्याची आई कोण आणि भावंडं कोण, हे कळत नाही.

मी कोकणातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शाळेच्या विहिरीजवळ कढीलिंबाचं जुनं झाड होतं आणि त्यावर दर पावसाळ्यात या फुलपाखराच्या अळ्या असत. त्या अळ्या मुलांसोबत वाढवता वाढवता मी त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेले. तेव्हा एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. या फुलपाखराविषयी जे खरं ज्ञान आज आपल्याकडे आहे, ते जाळं घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्यांनी मिळवलेलं नाही. ते अळ्या घरी आणून, रोज ताजा पाला घालून, कोश फुटेपर्यंत थांबणाऱ्यांनी मिळवलं. अळ्या पाळण्याची ही रीत निदान साडेतीनशे वर्षांची आहे. तिचा एक मोठा धागा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जातो आणि शेवटी प्रसूतिगृहापर्यंत पोचतो. त्या रीतीचा इतिहास मला सांगायचा आहे.

आधी फुलपाखराची ओळख. इंग्रजीत त्याला ‘कॉमन मॉर्मन’ म्हणतात. शास्त्रीय नाव आता ‘पॅपिलिओ पोलिटीझ’. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, याचं हे जवळचं भावंड. नर काळाभोर. मागच्या पंखांवर आडवी पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, पुढच्या पंखांच्या कडेने टोकाकडे लहान होत जाणारे पांढरे ठिपके, मागच्या पंखाला छोटं शेपूट. पंख पसरले की नऊ-दहा सेंटिमीटर भरतात. नर सगळे असेच. मादी मात्र आपल्या भागात तीन रूपांत येते. पहिलं रूप हुबेहूब नरासारखं. दुसऱ्या रूपात मागच्या पंखावर मध्ये पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी असतात. हे ‘कॉमन रोज’ नावाच्या अगदी वेगळ्या फुलपाखराचं रूप. तिसऱ्यात पुढच्या पंखांवर फिकट पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपके. हे ‘क्रिमझन रोज’चं. ही दोन्ही रोज फुलपाखरं अळी असताना ईश्वरीच्या वेलावर वाढतात. या वेलाला सापसंद असंही म्हणतात. त्या पाल्यातलं विष त्यांच्या अंगात राहतं, म्हणून एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. आपली मॉर्मन मादी विषारी नाही. ती बहुरूप्यासारखं विषारी फुलपाखराचं सोंग आणते आणि त्या सोंगावर जगते. एक खूण मात्र तिला झाकता येत नाही. खऱ्या रोजचं अंग लाल असतं, हिचं काळंच राहतं.

सोंग केवळ रंगापुरतं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. नर जमिनीपासून फार उंच न जाता वेगाने, वेडावाकडा उडतो. त्याचा फोटो काढायचा म्हणजे दुपार जाते. रोजसारखी दिसणारी मादी मात्र रोजसारखीच संथ उडते, जणू तिला कुणाचं भय नाही. घाणेरीच्या किंवा एक्झोऱ्याच्या फुलांवर मध पीत असतानाही हिचे पंख स्वस्थ नसतात. पाय फुलाला टेकलेले आणि पुढचे पंख सारखे थरथरत. ऊन पडलं की नर ओल्या मातीवर उतरून क्षार शोषतात. ओढ्याच्या काठी, म्हशी धुतात त्या घाटावर, चार-पाच नर एकत्र बसलेले दिसले की समजावं, पावसाने उघडीप दिली आहे. हे फुलपाखरू वर्षभर दिसतं, पण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याची खरी रेलचेल.

आता रीतीकडे. अळ्या पाळून त्यांची चित्रं काढणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासकांत एक बाई होती, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे. मारिया सिबिला मेरियन. जन्म फ्रँकफुर्टचा. १६६० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांनी रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. त्या काळी किडे चिखलातून आणि कुजक्या पदार्थांतून आपोआप जन्मतात, असं शिकलेले लोकही मानत. मेरियन यांनी अंडं, अळी, कोश आणि फुलपाखरू एका चित्रात आणलं, आणि त्याच चित्रात त्या अळीचं खाद्यझाडही. १६९९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, आपल्या धाकट्या मुलीला घेऊन त्या समुद्रमार्गे दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेल्या. तिथल्या उष्ण जंगलात दोन वर्षं अळ्या पाळल्या आणि १७०१ मध्ये आजारपणामुळे परतल्या. १७०५ मध्ये त्यांचं साठ चित्रांचं पुस्तक निघालं. अळी कोणत्या झाडावर जगते हे सांगितल्याशिवाय फुलपाखराची ओळख पुरी होत नाही, हा धडा त्यांचा. लिनिअस यांच्या हाती हे पुस्तक होतं. तरी नंतरची शंभर-सव्वाशे वर्षं युरोपातला भर राहिला तो कपाटं भरण्यावर.

आपल्याकडे ही रीत रुजली ती मुंबई इलाख्यात. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. उरलेल्यांत एक होते एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. यांच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

एटकिन जन्मले १८५१ मध्ये साताऱ्याला, एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी. शिकले मुंबईत आणि पुण्यात. डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिनही शिकवलं. १८७६ मध्ये ते मीठ आणि जकात खात्यात लागले आणि नोकरीने त्यांना उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याची सरहद्द असं किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवलं. मिठागरांवर लक्ष ठेवायचं, चोरटा माल पकडायचा, आणि मधल्या वेळात व्हरांड्यातल्या पाली, मुंग्या, बेडूक, पाखरं बघायची. ते ‘ईएचए’ अशा आद्याक्षरांनी लिहीत. ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे त्यांचं पुस्तक १८८३ चं. घराच्या आसपासचे जीव इतक्या आपुलकीने लिहिणारा त्या काळचा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. साहेबी शिकारकथांच्या ढिगात हा लेखक अंगणातल्या किड्यांवर पानंच्या पानं लिहितो, याचं मोल मला फार वाटतं.

कारवारात एटकिन यांना दोन सोबती मिळाले. एक जेम्स डेव्हिडसन, जिल्ह्याचे कलेक्टर. दुसरे टॉमस रीड डेव्हिस बेल, जंगल खात्यातले, आयर्लंडहून आलेले तरुण अधिकारी. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. मीठ, महसूल आणि जंगल अशा तीन खात्यांच्या या तीन माणसांनी अळ्या पाळायला घेतल्या. १८९० मध्ये डेव्हिडसन आणि एटकिन यांनी मुंबई इलाख्यातल्या काही फुलपाखरांच्या अळ्या आणि कोश यांवर लेख छापला. १८९६-९७ मध्ये तिघांनी मिळून उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. कोणती अळी कोणत्या झाडावर, तिचा रंग कसा बदलतो, कोश कुठे आणि कसा टांगते, हे त्यात जातीजातीनं आहे. पुढे बेल यांनी एकट्याने १९०९ पासून १९२७ पर्यंत ‘कॉमन बटरफ्लाइज ऑफ द प्लेन्स ऑफ इंडिया’ ही मालिका चालवली. अठरा वर्षं. नोकरी संपल्यावरही ते कारवारातच राहिले.

त्या लेखांच्या शीर्षकाखाली तीन नावं आहेत. पण जंगलातून रोज ताजा पाला तोडून आणणं, डबे साफ करणं, कुठल्या झुडपावर कुठली अळी दिसली ते सांगणं, हे काम केवळ तीन साहेबांनी केलं असेल असं मला वाटत नाही. ज्याने कधी एक अळी पाळली आहे, त्याला ते पटणारही नाही. जंगल खात्याचे रखवालदार, बंगल्यावरचे गडी, शेजारची पोरं यांचा त्यात वाटा असणारच. त्यांची नावं शीर्षकात नाहीत आणि याची मला खंत आहे.

अळी पाळायला काय लागतं? मोठ्या तोंडाची बरणी, तिच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड, रबर, आणि रोजची चिकाटी. कढीलिंबाची फांदी लहान बाटलीत पाण्यात खोचायची आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करायचं, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. लेंड्या रोज काढायच्या. कोकणातल्या पावसात हे विसरलं तर दुसऱ्या दिवशी बुरशी आणि तिसऱ्या दिवशी मेलेली अळी. बाजारातली कढीलिंबाची जुडी चालत नाही. तिच्यावर औषध मारलेलं असेल तर सगळ्या अळ्या एका रात्रीत जातात. बेल यांचे लेख वाचताना हे सगळं आठवतं. त्यांनी नोंदवलेल्या प्रत्येक ओळीमागे असे कितीतरी दिवस आहेत.

मॉर्मन मादी एका पानावर एकच अंडं घालते. गोल, फिकट पिवळं, मोहरीच्या दाण्याहून लहान. अंडं घालण्याआधी ती पानाला पुढच्या पायांनी चापटी मारून पाहते. झाडाची चव तिला पायांनी कळते. कढीलिंब, लिंबू, महाळुंग, पपनस, बेल, किरमिरा, माकडलिंबू ही सगळी एका कुळातली झाडं तिला चालतात. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि पहिलं जेवण म्हणून अंड्याचं कवच खाते. पहिल्या चार टप्प्यांत अळी तपकिरी-पांढरी, चकचकीत, अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसते आणि पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. चौथी कात टाकली की अळी एकदम हिरवी. पुढच्या भागावर डोळ्यांसारख्या खुणा, अंगावर तिरके तपकिरी पट्टे. तिला बोट लावलं तर डोक्यामागून लालभडक दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुंग्यांना आणि लहान माश्यांना पळवण्याचा हा उपाय. वर्गातली मुलं पहिल्यांदा हे पाहतात तेव्हा एक पाऊल मागे सरकतात आणि लगेच दोन पावलं पुढे येतात.

कोशाआधी अळी पोट रिकामं करते आणि खाणं सोडून भटकते. मग काडीला रेशमाची गादी करून शेपटाकडून चिकटते, कमरेभोवती एक रेशमी दोरा घेते आणि स्थिर होते. हिरव्या देठावर कोश बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी. दहा-बारा दिवसांनी कोशातून पंखांचे रंग दिसू लागले की समजावं, उद्या सकाळी फुलपाखरू. पण नेहमी फुलपाखरूच निघतं असं नाही. बाहेरून आणलेल्या कोशाला कधी बारीक भोक पडतं आणि आतून लहान लहान गांधीलमाश्या बाहेर येतात. त्यांच्या आईने कोशातच अंडी घातलेली असतात. एकदा असं झालं तेव्हा एक मुलगी रडली. मी तिला सांगितलं की हेही वहीत लिहायचं. तिनं लिहिलं, तारखेसकट.

अळ्या पाळून मिळालेल्या सर्वांत मोठ्या उत्तरामागचा प्रश्न मात्र जंगलात पडला होता. हेन्री वॉल्टर बेट्स यांनी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात काढली. १८६२ मध्ये त्यांनी मांडलं की खाण्याजोगी फुलपाखरं विषारी फुलपाखरांचं रूप घेतात आणि पक्ष्यांपासून वाचतात. त्यांचे मित्र आल्फ्रेड रसेल वॉलेस मलायाच्या बेटांवरून परतले होते. १८६५ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की काही मॉर्मनच्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या माद्या वेगळ्या जातींच्या नाहीत. एकाच जातीची ती रूपं आहेत आणि त्यांतली काही विषारी फुलपाखरांची नक्कल आहेत. प्रायमच्या दोन मुलांचा संसार असा एकत्र आला. रोज फुलपाखरांच्या अंगात खरोखर विष आहे का, हे रसायनशास्त्राने बऱ्याच नंतर तपासलं. १९६८ मध्ये नोबेल विजेते टाडेउश राइखश्टाइन, मिरियम रॉथ्सचाइल्ड आणि सहकाऱ्यांना कॉमन रोजच्या अंगात ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडलं. ईश्वरीच्या वेलातलं तेच.

आमच्या शाळेत एका जुलैत एक मादी कढीलिंबावर अंडी घालताना मुलांनी पाहिली. तिचं रूप कॉमन रोजसारखं होतं. मुलांनी त्या फांद्यांना लाल दोरा बांधला आणि फक्त त्याच अळ्या बरणीत घेतल्या. महिन्याभराने फुलपाखरं निघाली. नर सगळे काळे, पांढऱ्या ओळीचे. माद्या काही आईसारख्या, काही थेट नरांसारख्या. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, भाऊ सगळे सारखे आणि बहिणी वेगवेगळ्या, असं कसं?”

नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये गाजत होता. १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि वारसा कसा चालतो याची चर्चा पेटली. रेजिनाल्ड पनेट हे या नव्या आनुवंशिकीचे पुरस्कर्ते. शाळेत आपण ज्या चौकोनात जनुकं मांडतो तो पनेटचा चौकोन त्यांचाच. १९०९ मध्ये ते सिलोनला जाऊन या फुलपाखराच्या माद्या पाहून आले. त्यांचं मत असं की, ही नक्कल हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या घडलेली नसून एका उडीत आलेली आहे. सिलोनमध्येच जे. सी. एफ. फ्रायर यांनी मग काम हाती घेतलं. त्यांनी वंशावळी ठेवून अळ्या पाळल्या: कोणत्या मादीची कोणती अंडी, त्यांतून किती मुली, कोणत्या रूपाच्या, त्यांची पुढची पिढी कशी. रॉयल सोसायटीने छापलेला हा निबंध १९१३ चा. उत्तर असं निघालं की रूप मेंडेलच्या नियमांनी उतरतं, नक्कल करणारं रूप साध्या रूपावर मात करतं, आणि नरही हा वारसा मुलींना देतो. फक्त स्वतःच्या पंखांवर तो दिसू देत नाही. आठवीतल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हेच. त्याच्या बरणीतल्या भावांच्या अंगात बहिणींचं रूप होतंच.

पनेट यांनी १९१५ च्या ‘मिमिक्री इन बटरफ्लाइज’ या पुस्तकात एका उडीच्या मताला फ्रायर यांच्या नोंदींचा आधार घेतला. १९२७ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी त्याला विरोध केला: मूळ बदल एका उडीत आला असेलही, पण त्यावर निवड काम करत राहते आणि नक्कल सुधारत जाते. वाद खरा होता आणि दोन्ही बाजूंनी मोठी माणसं होती. तरी मला मोठा वाटतो तो फ्रायर. कारण वाद घालण्याआधी त्याने पिढ्यामागून पिढ्या पाळल्या.

या रीतीचा पुढचा मुक्काम मात्र कोणालाही सुचला नसता. लिव्हरपूलमधले डॉक्टर सिरिल क्लार्क यांना फुलपाखरं पाळण्याचा छंद होता. नर-मादी हातात धरून त्यांचा संकर घडवण्याची पद्धत त्यांनी आणि आनुवंशिकीचे अभ्यासक फिलिप शेपर्ड यांनी रूढ केली. अनेक जातींच्या मॉर्मन-कुळातल्या फुलपाखरांचे संकर करताना त्यांना दिसलं की पंखांचा सगळा नमुना एका ठिकाणी बांधलेला असल्यासारखा एकत्रच उतरतो. रक्ताचा आरएच गटही तसाच उतरतो, हे शेपर्ड आणि क्लार्क यांच्या ध्यानात आलं. तिथून क्लार्क आरएच रक्तगटाकडे वळले. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या गरोदरपणात आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तावर हल्ला करू शकतात. त्यात कितीतरी बाळं दगावत. १९६० च्या दशकात क्लार्क, रोनाल्ड फिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर आईला अँटी-डी प्रतिपिंडांचं इंजेक्शन देऊन हे थांबवता येतं, हे सिद्ध केलं. अमेरिकेतही याच सुमाराला हेच काम स्वतंत्रपणे झालं. आज जिल्ह्याच्या रुग्णालयात आरएच निगेटिव्ह आईला ‘अँटी-डी’ दिलं जातं, तेव्हा त्या इंजेक्शनाच्या मागे फुलपाखरांच्या अळ्यांनी भरलेल्या खोल्या आहेत. १९७२ मध्ये क्लार्क आणि शेपर्ड यांनी खास पोलिटीझच्या आनुवंशिकीवर मोठा निबंध लिहिला. एकमेकांना चिकटलेल्या अनेक जनुकांचा एक ‘महाजनुक’ हे रूप ठरवत असावा, असं त्यांचं अनुमान होतं.

त्याचं उत्तर २०१४ मध्ये आलं, आणि ते देणाऱ्यांत एक नाव आपलं आहे. पुण्यात शिकलेले आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात काम करणारे डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे शिकागोतले सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की ही सगळी गुंतागुंत ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाशी बांधलेली आहे. कीटकांत नर-मादीचा फरक ठरवणारं हे जुनं जनुक. नक्कल करणाऱ्या मादीत या जनुकाभोवतालचा डीएनएचा तुकडा उलटा बसलेला असतो, त्यामुळे त्यातले बदल एकमेकांपासून सुटत नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात. लिंग ठरवणाऱ्या जनुकानेच रूपही ठरवावं, म्हणजे ते फक्त मुलींत दिसणार हे ओघानं आलं. नरांत ते का लपलेलं, हे यातून उलगडतं. पनेट यांची एक उडी, फिशर यांचे साठत गेलेले बदल आणि क्लार्क-शेपर्ड यांची घट्ट गाठ, या तिन्हींतला खरा भाग त्यात आहे. ही शोधाची कथा इंग्रजी नियतकालिकांत भरपूर आली. मराठी शाळांच्या पाठ्यपुस्तकात ती एका पानाची तरी जागा घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. कढीलिंब महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो.

आता त्याच कढीलिंबाकडे. लिंबूवर्गीय झाडांवरची ‘पाने खाणारी अळी’ या नावाने मॉर्मनची आणि तिची बहीण लाइम बटरफ्लायची अळी, दोघींची नोंद कीड म्हणून होते. संत्र्याच्या, लिंबाच्या रोपवाटिकेत कोवळी रोपं त्या बोडकी करतात. तिथे शेतकऱ्याने त्यांना आवरायलाच हवं, त्यात वाद नाही. पण शहरातल्या गच्चीवर, गावातल्या परसात, कुंडीतल्या एका कढीलिंबावर दोन हिरव्या अळ्या दिसल्या की कीटकनाशकाची बाटली काढायची, हे अनाठायी आहे. वाढलेल्या झाडाला चार-पाच अळ्यांनी काही होत नाही. पंधरा दिवसांत पालवी परत फुटते. आणि औषध मारलेला तो पाला शेवटी आपल्याच फोडणीत पडतो.

ज्यांच्या घरी कढीलिंब किंवा लिंबाचं झाड आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात त्यावर पाखराच्या विष्ठेसारखी किंवा हिरवी अळी दिसली, तर एक तरी बरणीत घ्या. रोज ताजा, औषध न मारलेला पाला द्या, बरणी उन्हात ठेवू नका. आत एक उभी काडी ठेवा म्हणजे कोशाला जागा मिळेल. घरात मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. फुलपाखरू निघालं की पंख वाळेपर्यंत दोन तास त्याला हात लावू नका आणि मग ज्या झाडावरून अळी आणली तिथेच सोडा. वहीत चार गोष्टी लिहा: अळी सापडली ती तारीख, झाडाचं नाव, फुलपाखरू निघालं ती तारीख, आणि मादी असेल तर ती कोणत्या रूपाची.